वीस सेंटिमीटर

मी एक जुनी तबकडी आहे. जेवणाच्या ताटाएवढी, लोखंडी पत्र्याची. माझे चार सारखे भाग केले आहेत, दोन काळे आणि दोन पांढरे, एकाआड एक. मधल्या भोकातून दोरी ओवली आहे आणि खाली वजनाला एक जाडजूड नट आहे. मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक जण विचारतो की हा कुठला खेळ. मी खेळ नाही. पाणी किती गढूळ आहे हे मोजायला मला पाण्यात सोडतात. मी दिसेनाशी झाले की दोरीवरचा आकडा वाचतात. दिसेनासं होणं हेच जिचं काम, तिने फार मिरवू नये, हे मला कळतं. तरी एके काळी मी बरीच मिरवत असे.

यंदा तुम्ही पर्यावरणशास्त्राच्या वर्गात येणार आहात, म्हणून सांगायला बसले. हा विषय सोपा आहे, चार पोस्टरं रंगवली की झालं, असं वरच्या वर्गातल्या कुणीतरी तुमच्या कानात घातलं असेल. दरवर्षी घालतात. पहिल्याच आठवड्यात बाई तुम्हाला घरचा कचरा सात दिवस तोलून वहीत लिहायला लावतील आणि तुमची आई तुमच्यावर वैतागेल. मग मातीत बोटं घालून ओल ओळखायला लावतील. आलेख काढाल, खोडाल, पुन्हा काढाल. आणि दर शुक्रवारी शेवटच्या दोन तासांना मागच्या फाटकातून तळ्यावर जाल. पांढरे मोजे घालून गेलात तर येताना ते कुठल्या रंगाचे होते हे सांगता येणार नाही. दोन वर्षं हेच चालतं.

माझा जन्म शाळेच्या वर्कशॉपात झाला. तेलाच्या पिंपाचं झाकण कापून मला गोल केलं. रंग दिला तो प्रयोगशाळेतल्या मामांनी. सगळी शाळाच त्यांना मामा म्हणते. त्यांनी टेबलावर टेप पसरून माझी दोरी मोजली आणि दर दहा सेंटिमीटरांवर कापडाची छोटी पट्टी शिवून तिच्यावर शाईने आकडा घातला. प्रदर्शनात मला मधल्या टेबलावर ठेवलं होतं. पाहुणे मला उचलून बघायचे आणि मामा मागून म्हणायचे, "रंग ओला नाही, पण जपून."

तळ्यावरची पद्धत ठरलेली आहे. एका मुलाने पाण्यावर टाकलेल्या फळीवर पालथं पडून पाण्यात बघायचं, दुसऱ्याने दोरी सोडायची. मी नाहीशी झाले की पहिल्याने "गेली" म्हणायचं. मग दोरी हळूहळू वर घ्यायची आणि मी दिसले की "आली" म्हणायचं. दोन्ही आकड्यांची सरासरी काढायची. दहाची आणि वीसची पट्टी पाण्याने कुजून कधीच गळून पडली होती. इतका कमी आकडा सहसा लागत नसे, आणि लागलाच तर तिसाच्या पट्टीपासून खाली फूटपट्टी लावायची.

तळं मासे वाढवायचं होतं. ते वाढवणाऱ्याची मुलगी आमच्या वर्गात आली तेव्हा पोरांनी तिचं नाव मासोळी ठेवलं. ती चिडली नाही, त्यामुळे नाव चिकटलं. शुक्रवारी तिचे बाबा खाद्याची बादली घेऊन काठावर उभे असायचे आणि आमच्याकडे बघून हसायचे. "ताट बुडवून काय कळणार तुम्हाला?" ते म्हणायचे.

बाईंनी वर्गात समजावलं होतं. पाणी हिरवं होतं ते बारीक शेवाळाने. ते दिवसा पाण्यात प्राणवायू सोडतं आणि रात्री तोच ओढून घेतं. शेवाळ अती झालं, तर उजाडेपर्यंत माशांना श्वास पुरत नाही. आकडा चाळिसाच्या आसपास असेल तर ठीक. पंचविसाच्या खाली गेला तर खाद्य बंद करायचं आणि नवं पाणी सोडायचं.

पहिल्या वर्षी एका शुक्रवारी आकडा तेवीस आला. मासोळी बादलीसमोर आडवी उभी राहिली.

"बाबा, आज खाद्य टाकू नका."

"आणि मासे काय उपाशी ठेवू?"

"चार दिवस ठेवा. नवं पाणी सोडा. माझं एवढं एकदा ऐका."

त्यांनी कुरकुर करत ऐकलं. पुढच्या आठवड्यात पाणी निवळलं, मासे तरतरीत झाले. तेव्हापासून आम्ही गेलो की ते बादली खाली ठेवायचे आणि लेकीला विचारायचे, "काय म्हणतंय पाणी?" ती आकडा सांगायची आणि मग ते खाद्य टाकायचे. ती आकडा सांगताना किती ताठ उभी राहायची ते मी पाण्यातून पाहिलं आहे. त्या वर्षासारखं वर्ष माझ्या आयुष्यात पुन्हा आलं नाही.

मग मोठी सुट्टी लागली. मी दाराआडच्या खिळ्याला ओली तशीच टांगलेली होते. माझ्याजवळची दोरी कुजली. सुट्टी संपायला आली तेव्हा मामांच्या ते लक्षात आलं. आता ही तळ्यात पडणार, असं ते स्वतःशीच पुटपुटले. त्यांनी कुजलेला तुकडा कापून टाकला, उरलेली दोरी भोकातून ओवली, पक्की गाठ मारली. मग दोन दिवस खपून मला नवा रंग दिला. त्यांच्या मनात माझ्याबद्दल मायाच होती, हे मी आजही शपथेवर सांगेन. कापलेला तुकडा वीस सेंटिमीटरांचा होता.

मित्रांनो, दोरी आखूड झाल्याचं मला त्याच क्षणी कळलं होतं. मात्र मला नवा रंगही मिळाला होता, आणि खरं सांगायचं तर मी त्या रंगातच दंग होते. मला बोलता येत नाही, ही सबब आहेच. पण बोलता आलं असतं तरी त्या दिवशी मी बोलले असते का, याची मला खात्री नाही.

शाळा सुरू झाली. पहिल्या शुक्रवारी मासोळीने आकडा वाचला, "चाळीस." पाण्याखाली मी जेमतेम वीसवर नाहीशी झाले होते.

बाबांनी पाण्याकडे बघितलं. "मला जरा जास्तच हिरवं वाटतंय. खाद्य थांबवू का दोन दिवस?"

"बाबा, चाळीस आलंय. दोनदा मोजलंय. तुम्ही उगाच काळजी करता."

"बरं बाई," ते हसून म्हणाले आणि बादली उचलली. "शिकलेल्या माणसापुढे मी काय बोलणार?"

दुसऱ्या शुक्रवारी एकेचाळीस. तिसऱ्या शुक्रवारी अडतीस. बाईंनी आलेखावर ठिपके जोडले आणि हे तळं किती स्थिर आहे असं सगळ्यांना दाखवलं. रेघ खरंच सुंदर आली होती.

चौथ्या आठवड्यात, मंगळवारी, मासोळी पहिला तास बुडवून आली. तिचे कपडे गुडघ्यापर्यंत ओले होते. ती वर्गात गेलीच नाही, थेट प्रयोगशाळेत आली आणि मला खिळ्यावरून काढलं. पहाटे सगळे मासे वर येऊन तोंडं उघडत होते, आणि सात वाजेपर्यंत निम्म्याहून जास्त उलटे तरंगत होते, असं तिने बाईंना सांगितलं. वर्षभर वाढवलेले मासे होते, महिन्याभरात बाजारात जायचे होते. तिने मला टेबलावर ठेवलं, दोरी ताणली आणि टेप लावला. माझ्यापासून चाळिसाच्या पट्टीपर्यंत वीस सेंटिमीटर भरले. तिने पुन्हा मोजलं.

"मामा, दोरी कापली होती का?"

"कुजली होती गं. तबकडी पडली असती तळ्यात." मामांचा हात दाराच्या कडीवरच राहिला. "आकड्यांचं माझ्या ध्यानातच आलं नाही."

"चूक माझी आहे," बाई म्हणाल्या. "वर्षाच्या सुरुवातीला दोरी मोजायला हवी होती. मी तुम्हाला नुसतं पाणी मोजायला शिकवलं."

मासोळी कुणाशीच भांडली नाही. ती एवढंच म्हणाली, "मी बाबांना म्हटलं होतं, तुम्ही उगाच काळजी करता." मग ती खाली बसली आणि रडली. बाई तिच्यासोबत तळ्यावर गेल्या आणि तिच्या बाबांना सगळं सांगून आल्या. ते रागावले नाहीत म्हणे. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

दोरी नवी आली. पट्ट्या बाईंनी स्वतः शिवल्या, दहाची आणि वीसचीसुद्धा. मामांनी त्यानंतर मला कधी हात लावला नाही. झाडू मारताना ते दारापाशी येतात आणि माझ्या खालची जागा तशीच सोडून वळतात. माझा रंग आता कडेने सुटत चालला आहे. तो सुटला याचं दुःख नाही. मामा वळतात त्याचं आहे.

दोन आठवड्यांनी आम्ही पुन्हा तळ्यावर गेलो. निम्मं पाणी बदललं होतं, थोडे मासे उरले होते. मासोळीने मला सोडलं, वर घेतलं, सरासरी काढली. या वेळी आकडा खरा होता. बाबा बादली घेऊन काठावर उभे होते. त्यांनी काही विचारलं नाही.

"सदतीस, बाबा," ती आपणहून म्हणाली.

"हो का? छान," ते म्हणाले. मग त्यांनी बादली ठेवली, फळीवर गुडघे टेकले, सदऱ्याची बाही वर सारली आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. आपली बोटं दिसतात का, ते बराच वेळ बघत राहिले. मासोळी माझी दोरी गुंडाळत होती. गुंडाळून झाली तरी तिने मान वर केली नाही.

मित्रांनो, यंदा मी तुमच्या हाती येणार आहे. पहिल्या शुक्रवारच्या आधी मला टेबलावर ठेवा आणि दोरीला टेप लावा. माझ्या रंगाला भुलू नका. काम झालं की मला पुसा, दोरी उन्हात वाळवा, मग खिळ्याला लावा. कुणी काही कापलं, बदललं, दुरुस्त केलं, तर ते दोन ओळींत लिहून ठेवा. फळीवरून तुम्ही जो आकडा सांगाल तो तुमच्या वहीत पुन्हा खोडता येईल. काठावर कुणीतरी तुमच्यावर विसंबून बादली उचलतं, तिथे खोडायला काहीच नसतं.