फेरीपत्रक क्रमांक चारशे सतरा

दामिराने कागद टेबलावर ठेवला, अंगठ्याने घडी सपाट केली आणि तो जिपारच्या बाजूला फिरवला.

"सही तुमचीच ना?"

फेरीपत्रक होतं. टॅक्सीने नारिन शहर सोडण्यापूर्वी प्रत्येक ड्रायव्हरकडे असावं लागतं तसं. वर क्रमांक छापलेला, चारशे सतरा. खाली जांभळा गोल शिक्का, 'चालक तपासला, फेरीस योग्य', आणि त्यावरून गेलेली जिपारची सही. मधल्या रेघेवर निळ्या शाईत ड्रायव्हरचं नाव होतं. शेवटचं अक्षर खाली ओढून त्याला शेपूट काढलेलं. बाबा विजेच्या बिलावरही अशीच शेपूट काढत.

"सही माझी आहे," जिपार म्हणाली.

"आणि त्या सकाळी तुम्ही त्यांना तपासलं होतं?"

जिपारने कागद जवळ ओढला. विमा कंपनीची ही खोली लहान होती आणि हीटर नको इतका तापला होता. दामिरा तिच्याच वयाची असावी. तिने पेनाला टोपण लावलं.

"हे बघा, वडिलांचा चाळीसाव्या दिवसाचा विधी अजून झालेला नाही, मला कल्पना आहे. घाई करत नाही. पण नियम स्पष्ट सांगते. तपासणी झालीच नसेल तर गाडी परवान्याबाहेर धावत होती. मग विमा लागू नाही, जखमी बाईंना काहीही मिळणार नाही. तपासणी झाली, पण चुकीची झाली, तर कंपनी त्यांना पैसे देईल आणि वसुलीला तुमच्याकडे येईल. शिक्का जाईल. नोकरीही. शुक्रवारी लेखी जबाब द्या."

बाहेर पडल्यावर जिपारने पर्समधून तपासणीची वही काढली आणि पायरीवरच उघडली. चारशे सतरापुढे तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: तुर्दुबेक, बीपी एकशे तीस, ऐंशी.

*

बाजारामागच्या स्टँडवर तिची पत्र्याची केबिन होती. आत एक खुर्ची, बीपीचं यंत्र, शिक्का. ती सातला यायची. राजधानीला, बिश्केकला, जाणाऱ्या गाड्या मात्र पाचलाच भरून निघत, त्यामुळे रोज तपासणं जमेना. पहिल्या हिवाळ्यातच ड्रायव्हरांनी तोड काढली. सोमवारी सगळे आपापली कोरी पत्रकं तिच्याकडे टाकत, ती आठवड्याभराच्या सह्या एकदम करून ठेवी. वहीत आकडे भरी. कुणाला एकशे वीस, कुणाला एकशे तीस. धडधाकट माणसं होती ती. सगळ्यांना ती लहानपणापासून ओळखत होती.

एका माणसाला मात्र तिने खरोखर तपासलं होतं. मार्चमध्ये, स्वयंपाकघरात, बाबांची बाही स्वतः वर सारून. एकशे नव्वद, एकशे दहा. दोनदा मोजलं. मग शिक्का न मारताच पर्समध्ये परत ठेवला. बाबा आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. आठव्या दिवशी त्यांनी परवान्याचं कार्ड तिच्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "घे बाई. जिंकलीस. आता मी आपला अत-बाशीला भावाच्या मेंढ्या बघीन. गाडी गवत आणायला होईल."

त्यानंतर आठवड्यातून दोनदा ते मेंढ्या बघायला जात. ती त्यांना डबा देई, गोळ्यांची पुडी देई. येताना ते भावाकडचं कुरुत आणत, मीठ लावलेले दह्याचे कडक गोळे. ते गोळे बाजारातले होते, हे तिला आता कळलं.

सप्टेंबरच्या अखेरीस, बिश्केकच्या वाटेवर, डोलोनच्या घाटात त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला आणि गाडी रस्ता सोडून उतारावर गेली. गाडीत तीन प्रवासी होते.

*

"बिश्केक! बिश्केक! एकच सीट, सोन्यासारखी सीट!" तुर्दुबेक ओरडत होता. जिपार दिसताच त्याचा आवाज खाली आला. "ये पोरी. चहा घे. वाळलीस किती!"

"चारशे सतरा तुमचं आहे, बाइके." थोरल्या पुरुषांना ती बाइके म्हणे, म्हणजे काका.

त्याने थर्मासचं झाकण फिरवलं, पुन्हा उलटं फिरवलं. बाजूच्या गाडीला टेकलेले दोन ड्रायव्हर हळूच पलीकडे सरकले.

"तुम्ही कबरीत उतरलात. बाबांना तुमच्या हातांनी खाली ठेवलंत. वर आलात, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलात आणि म्हणालात, मला काही माहीत नव्हतं."

"मग काय म्हणायला हवं होतं? त्या वेळी?"

"किती पत्रकं दिलीत?"

"मोजतो कोण! एप्रिलपासून... पोरी, सव्वीस वर्षं आम्ही एकाच पंपाने हवा भरली. माझ्या पहिल्या गाडीचं इंजिन त्याने उघडलं. तो येऊन म्हणतो, तुर्दू, जिपार मला घरात बसवून मारणार. मी काय त्याला नाही म्हणू?"

"मी म्हटलं होतं."

"तू मुलगी आहेस. तुला जमतं."

तिने वही उघडून त्याच्यापुढे धरली. त्याने पाहिलंही नाही.

"ऐक. तू लिहून दे, की तपासलं होतं. संपलं. नाहीतर उद्या ते सगळ्यांची पत्रकं मागतील, अख्खं स्टँड बंद पडेल. चौदा घरं आहेत."

"आणि मी खोटं लिहू?"

तुर्दुबेक हसला. ते हसणं त्याला स्वतःलाही आवडलं नसावं.

"आत्ता लिहिणार आहेस होय खोटं? पान उलट. माझं बीपी बघ. एकशे तीस, ऐंशी. पुढचा सोमवार? एकशे तीस, ऐंशी. दोन हिवाळे झाले. एकदा तरी तो पट्टा माझ्या दंडाला लावलास? मी मेलो तरी तुझ्या वहीत एकशे तीस, ऐंशीच असेन."

कुणीतरी त्याला हाक मारली. गाडी भरली होती. तो जायला वळला, आणि वळता वळता नेहमीच्या सवयीने म्हणाला, "वाट पांढरी असू दे म्हण." निघणाऱ्याला हे कुणीतरी म्हणावं लागतं. जिपारने म्हटलं नाही.

*

गुरुवार होता. इस्पितळाच्या रस्त्यावर घराघरातून तळणीचा वास येत होता. गुरुवारी गेलेल्या माणसासाठी तेल तापवतात. वास त्याच्यापर्यंत पोहोचतो, म्हणतात. जिपारने पहिले दोन गुरुवार कढई चढवली होती. पत्रकाबद्दल कुजबुज कानावर आल्यापासून ती उपडीच होती.

अपघातात जखमी झालेली उमसुनाय दुसऱ्या मजल्यावर खिडकीजवळ होती. साठीची, रुंद चेहऱ्याची. नमद्याचे, दाबलेल्या लोकरीचे, गालिचे शिवून बिश्केकला विकायची. दोन्ही पायांना वजनं बांधली होती. बोटं मात्र पांघरुणाच्या काठावर टाके घातल्यासारखी हलत होती.

"तू जिपार," ती लगेच म्हणाली. "तोंडावळा तोच. बस. ते बघ, त्या रुमालात बोरसोक आहेत. सुनेनं सकाळी तळून आणले. तुझ्या बाबांच्या नावाने. खा."

जिपारने रुमाल सोडला. तळलेले पिठाचे तुकडे अजून कोमट होते. तिने एक उचलला आणि हातातच ठेवला.

"तुम्ही त्यांच्यासाठी तळलंत, एजे?" थोरल्या बाईला मावशी म्हणावं तसं जिपारने विचारलं.

"अगं, तास-दीड तास एका गाडीत बसलो. माणूस गोड होता. गाणी वाईट म्हणायचा." ती हसली, मग कंबर धरून थांबली. "डॉक्टर म्हणतात, खुबा बदलायचा. बिश्केकलाच होतं ते. विम्याचे पैसे आले तर बर्फ पडायच्या आत नेतील. नाही आले तर... मुलगा म्हणतो घोडी विकू. दोन घोड्या आहेत. एक म्हातारी."

"तुम्ही त्या गाडीत कशा बसलात?"

हा प्रश्न ती विचारायला आली नव्हती.

"खरं सांगू? मी दुसऱ्या गाडीत बसत होते. पोरगेला ड्रायव्हर होता, डोळे लाल. तुझे बाबा मागून म्हणाले, आपा, माझ्यात बसा. माझी मुलगी डॉक्टरीण आहे, रोज सकाळी मला तपासल्याशिवाय गाडीला हात लावू देत नाही. असा शिक्का दाखवला!" तिने हवेत कागद उलगडून दाखवला. "इतका अभिमान होता चेहऱ्यावर. म्हटलं, ज्याची मुलगी एवढी जपते, त्याच्यात बसावं."

जिपारने बोरसोक रुमालात परत ठेवला. रुमालाला गाठ मारली, ती सैल वाटली म्हणून सोडून पुन्हा मारली.

"मी डॉक्टर नाही," ती म्हणाली. "परिचारिका आहे."

"बापाला तेवढं चालतं गं," उमसुनाय म्हणाली.

*

शुक्रवारी दामिराने जिपारची वही मागून घेतली, चाळली आणि कोरा कागद पुढे घेतला.

"चारशे सतरा क्रमांकाचं पत्रक. तुम्ही चालकाला तपासलं होतं का?"

"तपासलं होतं."

"बीपी किती होतं?"

"एकशे नव्वद, एकशे दहा."

पेन थांबलं. "तुमच्या वहीत या क्रमांकापुढे दुसरं नाव आणि एकशे तीस आहे."

"वहीतला आकडा खोटा आहे. हा खरा आहे. मी स्वतः मोजला. दोनदा."

"एकशे नव्वद असताना तुम्ही 'योग्य' म्हणून शिक्का मारलात?"

जिपारने पर्समधून शिक्का काढला आणि टेबलावर ठेवला. तो कलंडला. लाकडावर अर्धं जांभळं वर्तुळ उमटलं.

"का?" दामिराने विचारलं. ते कागदासाठी नसावं.

"वडील होते."

दामिराने पेन खाली ठेवलं. मग तिने खिडकी थोडी उघडली.

"याचे परिणाम मी सांगितले होते तुम्हाला."

"हो. त्या बाईंचे कागद आज जातील का? बर्फाच्या आत?"

"आज जातील," दामिरा म्हणाली आणि लिहू लागली.

*

तुर्दुबेक विमा कंपनीच्या समोर गाडी लावून उभा होता. तिला पाहताच त्याने पुढचं दार उघडलं.

"काय झालं? काय लिहिलंस?"

"तपासलं होतं, म्हणून लिहिलं."

त्याने दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले. "जगलो! अगं, तुझा बाप वरून बघत असेल तर—"

"त्यांचं नाव घेऊ नका."

त्याने हात खाली घेतले. मग, समजूत काढल्यासारखा, म्हणाला, "चल, घरी सोडतो. मला लगेच बिश्केकला निघायचंय, चार जण थांबलेत."

जिपार पुढच्या सीटवर बसली, तो स्टिअरिंगमागे. पर्स मांडीवर घेतली आणि यंत्र बाहेर काढलं.

"बाही वर करा."

"आता कशाला? जबाब तर देऊन आलीस ना?"

"बाही, बाइके."

त्याने जाकिटातून हात काढला. दंड पांढरा होता, फक्त मनगटाखालचा हात उन्हाने काळवंडलेला. दोन वर्षांत तिने तो पहिल्यांदा पाहिला. तिने पट्टा गुंडाळला, नळ्या कानांत घातल्या, कोपराच्या खोबणीत चकती दाबली आणि फुगा दाबू लागली.

"जिपार, ऐक, तुला वाटत असेल मी—"

"बोलू नका. मोजताना बोलायचं नसतं."

काटा दोनशेच्या पुढे गेला. तिने झडप सैल केली. हवा हळूहळू सुटू लागली, काटा खाली येऊ लागला, आणि एकशे तीसच्या बऱ्याच वर, अजून कितीतरी वर असतानाच, पहिला ठोका तिच्या कानात पडला.

तिने पट्टा सोडला, नीट गुंडाळून ठेवला. तुर्दुबेक तिच्या तोंडाकडे बघत होता.

"किती?"

जिपारने तळहात पुढे केला.

"किल्ली द्या."