वारोबाच्या अंगातलं वारं

कडेगावात दर गुरुवारी, टळटळीत उन्हात, माणसं एका कंगव्याच्या पाया पडत.

कंगवा म्हणजे वारोबा. वीतभर लांब, काळाकुट्ट, अंगावर ओळीनं उभे पातळ पत्रे, त्यावर शेंदूर. निवांतबुवांनी त्याला पुण्याहून आणलं होतं आणि आकारामच्या पिठाच्या गिरणीशेजारच्या पडवीत, फुलांनी झाकलेल्या खोक्यावर बसवलं होतं. देवाच्या डोक्यावर दोऱ्यानं एक कागदी भिरभिरं आडवं टांगलेलं. माणसानं प्रश्न विचारायचा. पंखा नाही, झुळूक नाही, बाहेर लिंबाचं पान हलत नाही, आणि भिरभिरं आपलं आपण फिरायचं.

"आलं! वारं आलं!" गर्दी ओरडायची.

माणसाच्या अंगात वारं येतं हे गावानं पिढ्यानपिढ्या पाहिलं होतं. देवाच्याच अंगात येतं, ही नवी सोय होती.

"ह्यो मुका देव हाय," बुवा सांगत. "बोलत न्हाई, घुमत न्हाई, कोंबडं मागत न्हाई. फिरला तर व्हय. आन् न्हाई फिरला तर..." इथं बुवा डोळे मिटून घेत, कारण देव अजून कुणालाच नाही म्हणाला नव्हता. रंगूबाईनं विचारलं, नवरा दारू सोडंल का? सोडेल. नवऱ्यानं विचारलं, बायको बडबड सोडंल का? तीही सोडेल. दोघं हसतमुखानं घरी गेली आणि वाटेतच भांडली.

बुवांचं धोतर मात्र कायम कडक इस्त्रीचं असे. पडवीत राहणाऱ्या माणसाचं धोतर असं कसं, हा खरा चमत्कार होता. त्याला कुणी हात जोडले नाहीत.

गुणमाला हायस्कुलात शास्त्र शिकवायची. मूळची सांगलीची, जैन. शाळा सुटली की बोलायला तिला गावात दोघंच: घरमालकीण अंबूबाई आणि भिंत. अंबूबाई जास्त बोलायची. गुणमाला दिवस मावळायच्या आत जेवते म्हणून अंबूबाई उन्हं कलायच्या आधीच चूल पेटवायची, तिच्यासाठी कांदा न घातलेलं कालवण वेगळं करायची आणि समोर बसून फक्त जोतीरामबद्दल सांगायची.

जोतीराम तिचा एकुलता एक. फौजेत होता, पंजाबच्या सरहद्दीवर. लढाई संपली, गावातली बाकीची पोरं परतली, त्याची मात्र तार आली: बेपत्ता. तेव्हापासून त्याचा सदरा खुंटीवर तसाच होता. अंबूबाई दर गुरुवारी वारोबाला विचारी, "माजा जोती हाय न्हवं?" भिरभिरं फिरे. ती घरी येऊन सांगे, "हाय म्हनला." पत्र्याच्या कंगव्याला पंजाबातलं काय कळतं, हे गुणमालाच्या ओठांवर येई आणि भाकरीबरोबर परत आत जाई.

मग तो गुरुवार आला. त्या दिवशी गुणमाला छत्री धरून सोबत गेली होती. अंबूबाईनं विचारलं. भिरभिरं मंदावलं, लटपटलं, थांबलं.

बुवांनी असलं कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "देव... गार पडला."

गार पडणं म्हणजे काय, ते तिथं कुणी कुणाला विचारलं नाही. पडवीत एवढी शांतता झाली की अंबूबाईची बांगडी वाजलेली ऐकू आली.

घरी येऊन तिनं खुंटीवरचा सदरा काढला, धुतला, घडी करून ट्रंकेत ठेवला. चूल पेटवली नाही.

"मावशी, थोडं तरी खा."

"कुनासाठी पेटवू गं आता?"

'माझ्यासाठी,' असं गुणमालाला म्हणायचं होतं. पण भाडेकरूनं असं म्हणायचं कसं? तिनं खोलीत बसून चुरमुरे खाल्ले. चुरमुऱ्यांचा आवाज फार होतो, हे तिला त्या संध्याकाळी कळलं.

दुसरी संध्याकाळ. तिसरी. अंबूबाई पाण्यावर होती. गुणमाला पुन्हा पुन्हा ती शांतता आठवत होती. एवढी शांतता झालीच कशी? शेजारी तर गिरणी! आणि मग तिच्या लक्षात आलं. गिरणी आधी गप्प झाली होती. देव नंतर.

मग तो कंगवाही आठवला. कॉलेजच्या सहलीत पुण्याला एक भलंमोठं गणकयंत्र पाहिलं होतं. त्याच्या एका पेटीवर अगदी असेच पत्रे होते. तिथले साहेब म्हणाले होते, "यंत्र तापतं. पंखा लावला तर घरघर. म्हणून हे पत्रे. उष्णता गपचूप हवेत सोडून देतात."

पुढच्या गुरुवारी तिनं अंबूबाईला जवळजवळ उचलूनच पडवीत नेलं आणि स्वतः देवापुढं बसली.

"देवा, मी म्हैस आहे का?"

भिरभिरं गरगर फिरलं. गर्दीनं बाईंकडं पाहिलं.

"मागल्या जल्मी आसशील," बुवा म्हणाले.

"निवांतबुवा पण म्हैस आहेत का?"

भिरभिरं तसंच गरगरत राहिलं.

"आवं, दोगं बी एकाच गोठ्यातली!" मागून गुंडा पैलवान ओरडला. बुवांनी जन्माचा मुद्दा पुन्हा काढला नाही.

"आकारामदादा," गुणमालानं हाक मारली, "जरा फ्यूज काढा."

"गिरनीचा? दळान चाललंय की बाई!"

"काढा तरी."

गिरणी घुर्रघुर्र करत थांबली. गर्दी भिरभिऱ्याकडं बघत राहिली. ते मंदावलं, लटपटलं, थांबलं.

"आता घाला."

गिरणी सुरू झाली. थोड्या वेळानं देवही.

"द्येव गिरनीच्या लायनीवर हाय व्हय रं?" गुंडानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता फुलं बाजूला सारून खोक्याची फळी उपटली. देवाच्या बुडाखाली, तोंड वर करून, विजेची इस्त्री बसली होती.

सगळ्यांनी आधी इस्त्री पाहिली. मग धोतर पाहिलं.

"पुन्याला गनकयंत्राच्या हापिसात शिपाई व्हतो," बुवा पुटपुटले. "मशीन मोडीत काढलं, तवा ह्ये उचललं."

गुणमालानं सांगितलं, "इस्त्री पत्र्यांना तापवते. पत्रे हवेला तापवतात. तापलेली हवा हलकी, ती वर जाते. खालून गार हवा आत येते. त्या वाऱ्यानं भिरभिरं फिरतं. विचारणारा कुणीही असो, काहीही विचारो."

"म्हंजे आमचं ह्ये दारू सोडनार न्हाईत?" रंगूबाई म्हणाली.

"ते त्यांना विचारा."

लोक हसले. अंबूबाई हसली नाही. ती उठून चालू लागली. गुणमालानं भिरभिरं दोऱ्यासकट उचललं आणि तिच्या मागं गेली.

घरी गुणमालानं स्वतःच चूल पेटवली, धूर डोळ्यात घेतला, जाळ खाली बसल्यावर भिरभिरं वर धरलं. फिरलं. अंबूबाईनं ते तिच्या हातातून घेतलं, स्वतः जाळावर धरून पाहिलं.

"मंग त्यो मेला न्हाई?"

"मावशी, मला माहीत नाही."

"जित्ता हाय?"

"तेही माहीत नाही. उद्या फौजेच्या कचेरीला पुन्हा विचारू, मी लिहिते. उत्तर येईल ते येईल. पण तोवर लाईट गेली म्हणून माणूस मेला, असं कुणाला म्हणू देऊ नका. आणि लाईट आली म्हणून जिवंत, असंही नको."

गेल्या गुरुवारी अंबूबाईपाशी निदान एक उत्तर होतं. आता तेही नव्हतं.

मग तिनं ट्रंक उघडली, सदरा काढला, झटकला आणि खुंटीला लावला.

"सर तिकडं," ती म्हणाली. "दिस बुडायला आलाय. तुजी भाकरी राहील."

वाचणाऱ्यांनो, कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी खालची फळी काढून बघा. निघालं ते खरं नेहमी गोड असेल असं नाही. कधी नुसतंच 'माहीत नाही' निघेल. तेही ताटात घ्या. खोट्या 'हो'वर जगणारा माणूस फ्यूज उडाला की मरतो.