खडीवरची पावलं

समुद्रकाठच्या रिव्हर्टन गावातल्या हौशी नाटकमंडळीत नोएलिन इतकी वर्षं आवाज सांभाळत होती, की त्याला काही कौशल्य लागतं हेच मंडळी विसरून गेली होती. कॅसेटच्या काळात ती पेन्सिलीने फीत मागेपुढे करून विजेचा कडकडाट नेमक्या शब्दावर आणायची. पुढे सीडी आल्या, त्याही तिने आपल्याशा केल्या. पण अलीकडे तिचे कान मंदावले होते. मागच्या नाटकात दाराची घंटा वाजायच्या आधीच पाहुणा आत येऊन बसला, आणि दिग्दर्शक बेव्हनने शक्य तितक्या गोड आवाजात सुचवलं, की या नाटकानंतर तिने चहापाण्याचं बघावं.

"चहापाणी!" घरी येऊन ती नवऱ्यापुढे फणकारली. "उद्या म्हणेल, पडदे धू."

"धुशीलसुद्धा," क्लॅरी म्हणाला. तो आयुष्यभर मासेमारीच्या बोटीवर राहिलेला माणूस; वाऱ्याची आणि बायकोची दिशा त्याला एकदम कळे. त्यानेच मुलीला फोन करून तिचा जुना टॅबलेट मागवून घेतला.

नोएलिनला तो पहिल्याच दिवशी आवडला. प्रत्येक आवाजाला एक रंगीत चौकोन. त्यावर बोट टेकवलं की आवाज सुरू व्हायचा आणि खाली हिरव्या रेषेत त्याची लाट पुढे सरकताना दिसायची. जे नीट ऐकू येत नव्हतं ते आता डोळ्यांना दिसू लागलं. सभागृहाच्या मागच्या छोट्या खोलीत, रंगमंच दिसेल अशा खिडकीशी, गुडघ्यांवर शाल घेऊन ती टॅबलेट मांडीवर ठेवून बसे आणि तालमीत तिची एकही वेळ चुकत नसे.

नाटक बेव्हननेच लिहिलेलं होतं. मेंढपाळीच्या शेतावर एक आई आणि तिच्या दोन मुली, भांडून घर सोडून गेलेल्या मुलाची वाट बघत असतात. शेवटी बाहेर खडीवर गाडी येते, इंजिन बंद होतं, दार आपटल्याचा आवाज येतो, आई उठून उभी राहते आणि पडदा पडतो. मुलगा दिसत नाही. त्याची भूमिकाच नव्हती. गाडीचा आवाज नोएलिनने स्वतः घेतला होता, घरासमोरच्या खडीवर क्लॅरीला त्याची जुनी पिकअप आणायला लावून.

पहिल्या प्रयोगाला तिने शेवटचा निळा चौकोन दाबला. गाडी आली, इंजिन थांबलं, दार आपटलं, हिरवी रेषा सपाट झाली. आणि मग, पडदा सरकू लागेपर्यंतच्या त्या अवधीत, खडीवर दोन पावलं वाजली.

तिला ती स्वच्छ ऐकू आली. कितीतरी वर्षांत तिला इतकं स्वच्छ काही ऐकू आलं नव्हतं. वाळूचा कणसुद्धा टाचेखाली चुरडलेला कळला.

बेव्हन धावतच मागे आला. "नोएलिन, ती पावलं! लोकांनी श्वास रोखला होता. आधी बोलली का नाहीस?"

तिने खांदे उडवले आणि कौतुक घेतलं. कौतुकाला ती फार दिवसांची भुकेली होती.

दुसऱ्या प्रयोगाला पावलं पुढे आली. ती सावकाश चालत होती, लांबून येऊन दमलेल्या माणसासारखी. मध्येच थांबली, जणू घराकडे बघत असावीत. बेव्हनने खूश होऊन पडदा आणखी उशिरा पाडायला सांगितलं. तिसऱ्या प्रयोगाला ती व्हरांड्याच्या लाकडी पायऱ्या चढली. आईचं काम करणारी ग्लेनिस पडदा पडल्यावरही दाराकडे बघत उभी होती, आणि तिला खांद्याला धरून आत न्यावं लागलं.

त्या रात्री नोएलिनने क्लॅरीला सहज म्हणावं तसं विचारलं, "आवाज घेताना तू गाडीतून उतरून चाललास ना रे?"

"छे. तू म्हणालीस दार आपट, मी बसल्या बसल्या आपटलं. गुडघा दुखत होता." त्याने चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "का गं?"

"काही नाही. छान आलंय."

"मग झालं तर."

शेवटचा प्रयोग रविवारी दुपारचा होता. उन्हाने सभागृहाच्या खिडक्यांच्या फटी उजळल्या होत्या, आणि क्लॅरी चक्क इस्त्रीचा शर्ट घालून दुसऱ्या रांगेत बसला होता. नोएलिनने मनाशी ठरवलं होतं: दार आपटलं, की टॅबलेटवरची आवाज कमी-जास्त करायची पट्टी खाली ओढायची. पावलं तिने आणलेली नव्हती, आणि जे आपण आणलं नाही ते फार काळ आपलं म्हणून मिरवू नये.

गाडी आली. दार आपटलं. तिने बोटाने पट्टी तळाशी नेली, मग न राहवून टॅबलेटच बंद केला. काळ्या काचेत तिचा स्वतःचा चेहरा दिसला.

पावलं खडीवरून आली, पायऱ्या चढली, दारापाशी थांबली. कुणीतरी पायपुसण्यावर बूट पुसले, अगदी नीट, एक आणि मग दुसरा.

आपल्याला भीती वाटेल असं तिला वाटलं होतं. पण आतून जे आलं ते वेगळंच होतं. बोट वादळातून धक्क्याला लागल्याची बातमी यावी तसं तिचं अंग सैल पडलं.

रंगमंचावर ग्लेनिस उठून उभी राहिली. नाटकात पुढे काही नव्हतं. तरी ती चालत गेली आणि तिने ते प्लायवूडचं दार उघडलं. पलीकडे रंग उडालेली भिंत आणि टांगलेल्या दोऱ्या होत्या. ग्लेनिसने मान किंचित वर करून, आपल्यापेक्षा उंच माणसाकडे बघावं तसं बघितलं.

"किती वाळलायस," ती म्हणाली आणि बाजूला झाली.

पडदा पडला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. बेव्हनचे डोळे भरून आले होते, नोएलिनचे दोन्ही हात धरून तो म्हणाला, "पुढच्या वर्षीही आवाज तूच बघायचास. चहा मी करीन."

मग बाजूच्या खोलीत टेबलं जोडून सगळे खायला बसले. प्रत्येकाने घरून काहीतरी आणलं होतं. कुणीतरी बेव्हनची नक्कल केली, हशा पिकला. नोएलिनला फार बरं वाटत होतं. ती गरम चीज रोलची बशी घेऊन एकेकाला वाढत टेबलाच्या टोकाशी आली, तिथे ग्लेनिसच्या शेजारी एक रिकामी खुर्ची थोडी मागे ओढलेली होती. क्लॅरीने, कुणी न सांगता, आपली खुर्ची सरकवून तिथे पाय ठेवायला जागा करून दिली आणि बोलणं पुढे चालू ठेवलं.

नोएलिनने बशी त्या खुर्चीपुढे धरली. क्षणभराने कुणीतरी ती तिच्या हातातून अलगद घेतली.