दुसरा शनिवार

मी डायरी बोलतेय. नव्या वर्षाच्या तोंडावर घरोघरी येतात त्या चकचकीत डायऱ्यांमधली नव्हे. मी सरलेल्या सालची, १९८८ ची. हे मला पहिल्याच दिवशी ऐकवलं गेलं, म्हणून तुम्हालाही आधीच सांगून टाकते.

माझा जन्म नवीन जालन्यातल्या एका छापखान्यात झाला. कागद कापायचं पातं धाडकन खाली आलं तेव्हा मी जी दचकले, ती दचक अजून अंगात आहे. एका बियाणे कंपनीनं दुकानदारांना वाटायला आम्हाला छापून घेतलं होतं. हिरवा पुठ्ठा, त्यावर फुटलेलं कपाशीचं बोंड, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी शेतकऱ्यासाठी एक ओळ. ‘फवारणी वारा पडल्यावर करा.’ ‘पिशवी फोडण्यापूर्वी लेबल नीट वाचा.’

टेंभुर्णीला अप्पारावांचं खत-बियाण्याचं दुकान होतं. त्यांना आम्ही दोघी बहिणी मिळालो. बहिणीत त्यांनी त्याच दिवशी लिहायला घेतलं. मी वर्षभर टेबलाखाली, खताच्या वासात पडून राहिले. वर बहिणीचं पान उलटल्याचा आवाज आला की खाली माझा जीव जळायचा. मत्सर म्हणजे काय ते मी तिथंच शिकले.

जानेवारी ८९ मध्ये अप्पारावांच्या मुलीचा, बेबीनंदाचा, साखरपुडा झाला. मुलगा भुजंग, परतूरच्या शाळेत मास्तर. दुसऱ्या दिवशी बेबीनंदा दुकानात आली.

“अप्पा, एखादी कोरी वही द्या ना. लग्नाचं काय काय सुचतंय, लिहून ठेवते.”

अप्पांनी वाकून मला बाहेर काढलं, धूळ झटकली.

“ही घे. कोरी करकरीत हाय.”

“सरलेल्या सालची?”

“साल सरलं माय. पानं कुठं सरली?”

बस्स. तेवढ्या बोलण्यावर मी तिची झाले. आणि खरं सांगते, ती माझी झाली.

बेबीनंदा जालन्याच्या कॉलेजात बी. ए. झालेली. हुशार, पण भारी भित्री. चुलीपाशी झाकण पडलं तरी दोन पावलं मागं सरायची. मासिकांतली चित्रं कापून ती कणकेच्या खळीनं माझ्यावर चिकटवायची. रुखवतात मांडायच्या वस्तूंच्या चित्रांची तर तिनं माझ्यात जत्राच भरवली. सुपारीचा भटजी, खारकेची बैलजोडी, सरकीचे डोळे लावलेला कापसाचा हंस. बोहल्यामागं केळीचे खुंट लावायचे की आंब्याचे डहाळे, मेंदी कोपरापर्यंत की मनगटापर्यंत, उखाणा चार ओळींचा की दोनच ओळींचा, सगळं मला विचारून. तिची आई गिरिजाबाई येता-जाता म्हणायची, “चिकटव बेबे, चिकटव. झुरळायला बारा महिने पंगत झाली.”

झुरळांची मला भीती वाटायची, तरी मी सुखात होते. तिचं डोकं आणि मी, मध्ये कुणी नव्हतं.

लग्न ठरलं चौदा मेचं. चौदा मेच्या पानावर तिनं कुंकवाचं बोट लावलं, आणि मग बराच वेळ पेन्सिल चावत बसली. शेवटी अगदी बारीक अक्षरात, तळाच्या छापील ओळीला खेटून, लिहिलं: ‘बँड नको. सनई.’

याचं कारण तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी मामेबहिणीच्या लग्नात ती करवली होती. शेवटचं मंगलाष्टक संपलं आणि पाठीमागं एकदम बँड कडाडला. बेबीनंदा अशी दचकली की हातातलं अक्षतांचं ताट नवऱ्या मुलाच्या पायावर. त्या दिवसापासून सोयऱ्यांत तिचं नाव ‘ताटपाडी’ पडलं. आता तिच्या हातात ताट नव्हे, हार असणार होता. वरमाला जमिनीवर पडली तर लोक अपशकुन म्हणणार, आणि जन्मभर म्हणणार. झोपेतसुद्धा तिच्या हाताची बोटं घट्ट मिटलेली असायची.

आणि मग ती आली.

फेब्रुवारीत भुजंगनं सोयऱ्यांबरोबर एक पुडकं पाठवलं. आत ८९ ची डायरी. लालचुटूक रेक्झिन, सोनेरी कडा, मध्ये रेशमी फीत. पहिल्या पानावर सुंदर अक्षरात: ‘आपण दोघं मिळून ठरवू. तू लिहून पाठव, मी लिहून पाठवतो. भुजंग.’

बेबीनंदानं ते पान नाकाजवळ नेलं. वास घेतला. माझा वास तिनं कधी घेतला नव्हता. मला खताचा वास येतो, मान्य आहे. पण म्हणून?

त्यानंतर ती लाल बाई टेंभुर्णी-परतूर अशी ये-जा करू लागली. कधी कुणाच्या पिशवीतून, कधी सायकलच्या कॅरिअरवर. परत आली की तिच्यात भुजंगचं अक्षर असायचं आणि बेबीनंदा गालातल्या गालात हसत वाचायची. मी शेजारी पडलेली असायचे, उघडी, पंख्याखाली फडफडत. माझा हंस बेबीनंदानं लाल बाईत उतरवून घेतला. माझा हंस! पानात जागा कमी पडते म्हणून शेपूट तोडून!

एकदा त्या लाल पानावर भुजंगनं लिहिलं: ‘बँड जालन्याचा मच्छिंद्रच सांगा. अकरा जणांचा ताफा आहे. आमच्या द्वारका आत्याचा फार आग्रह आहे. तुलाही आवडेल.’

बेबीनंदाचं तोंड उतरलं. तिनं पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. खाली लिहिलं: ‘तुम्ही म्हणाल तसं.’

मी मनात म्हटलं, बघ गं लाल बाई. तुला सोनेरी कडा आहेत, पण खोटं तुझ्यात लिहिलं जातं. खरं माझ्याकडे आहे. पण त्यानं जीव निवला नाही. कारण लिहून झाल्यावर फीत तिच्या पानात गेली, आणि मी पाटाखाली.

मार्चमध्ये मच्छिंद्र बँडवाला स्वतः आला. गळ्यात रुमाल, तोंडात पान. अप्पा माल आणायला जालन्याला गेले होते. ओसरीवर गिरिजाबाई गहू पाखडत होत्या, बेबीनंदा आम्हा दोघींना घेऊन बसली होती.

“काकू, तारीख नका सांगू,” मच्छिंद्र म्हणाला. “आपलं सगळं वारावर चालतं. महिना सांगा आन् कितवा वार ते सांगा. पंधरा वर्षं झाली वाजवून राह्यलो, एकदाबी चुकलो न्हाई.”

“चौदा मे हाय बाबा. बेबे, कोणता वार गं?”

कॅलेंडर आत, भिंतीवर. डायऱ्या इथं, मांडीवर. लाल बाई वर होती, मी खाली. बेबीनंदाचा हात लाल रेक्झिनवर गेला. मग तो हात तिथून उठला, खाली आला आणि त्यानं मला बाहेर ओढलं. मला!

तिनं चौदा मेचं पान उघडलं. वर छापलेलं होतं, तसं वाचलं.

“शनिवार.”

“मंग दुसरा शनवार,” मच्छिंद्रनं बोटांवर मोजलं. “बराबर. दुसरा शनवार, टेंभुर्णी, सकाळी धा वाजता.” हातावर सुपारी घेतली आणि गेला.

त्या दिवशी मी किती फुगले म्हणून सांगू! वार विचारला तो मला. ती सोनेरी कडांची तशीच बसून राहिली. आनंदाच्या भरात मी साफ विसरले की मी सरलेल्या सालची आहे. माझ्या सालात चौदा मेला शनिवार होता. या सालात त्या दिवशी रविवार.

पुढं पत्रिका आल्या, त्यांच्यावर ठळक ‘रविवार’ होतं. पण वाजंत्र्याला पत्रिका कोण पाठवतं? मानपानाच्या यादीत माणसं सासूच्या मावशीपर्यंत जातात, वाजवणारा तेवढा राहतो.

तेरा मे. शनिवार. सकाळी बेबीनंदा अंगभर हळद लावून पाटावर बसली होती आणि दाराशी टेम्पो थांबला. लाल कोट घातलेली अकरा माणसं उतरली आणि उतरल्या उतरल्या ढोल कडाडला. पाट उलटला. हळदीची वाटी भिंतीवर.

अप्पा धावत बाहेर. “आरं मच्छिंद्रा! आज कशाला आलास?”

“कशाला म्हंजी? दुसरा शनवार न्हाई का आज?”

“लगीन उद्या हाय!”

“काकूपुढंच शनवार ठरला. इचारा काकूला.” मच्छिंद्रनं रुमालानं कपाळ पुसलं. “उद्या माझी जाफराबादची सुपारी हाय. बिलकुल जमायचं न्हाई अप्पा.”

गिरिजाबाईंनी डोक्याला हात लावला. “बेबे, तू तर डायरीत बघून सांगितलंस ना?”

“हिच्यात बघितलं, आई,” बेबीनंदा म्हणाली, आणि हळदीच्या हातानं तिनं मला उचलून दाखवलं. अप्पांनी माझ्यावरचं साल वाचलं आणि कपाळ बडवलं. “म्याच दिली होती गं ही. म्याच!”

आता मला चुलीत घालणार. सगळ्या घराला खाली बघायला लावलं मी, कशापायी? त्या लाल बाईवर वरचढ व्हायचं म्हणून!

बँड हळदीपुढं तासभर वाजला, जेवला आणि गेला. रविवारी वऱ्हाड आलं. द्वारका आत्या खाली पाय टाकायच्या आधीच बोलल्या, “काय हो सोयरे, बँड कुठाय? भुजंगा, मुक्यांच्या घरी पोरगी बघितलीस का रे?”

गावात मारुतीच्या देवळात सनई वाजवणारा म्हातारा कडूबा होता. अप्पांनी त्याला बोलावून आणलं. तो आला, घोंगडीवर बसला, सनईची पत्ती जिभेवर ओली केली आणि हळूच सूर लावला. मांडवात बसलेली माणसं एकेक करून गप्प झाली.

मी खोलीत रुखवताच्या टेबलावर होते, हंसाच्या शेजारी, नमुना म्हणून ठेवलेली. खिडकीतून सगळं दिसत होतं. शेवटचं मंगलाष्टक आलं. अंतरपाट सरकला. काहीच कडाडलं नाही. फक्त सनई, आणि अक्षतांचा सळसळाट. बेबीनंदाचे हात वर गेले. हार भुजंगच्या गळ्यात बसला, कसा अलगद, फूलही गळालं नाही.

“हे लगीन हाय का आरती?” द्वारका आत्या पुटपुटल्या.

“आत्या,” भुजंग हसून म्हणाला, “मंगलाष्टकं पहिल्यांदा ऐकू आली. बँडचं मी तुझ्याच नादानं लिहिलं होतं.”

पाठवणीच्या आधी बेबीनंदा खोलीत आली. एकटीच. पिशवीत लाल बाई आधीच होती, फितीसकट. मला वाटलं, माझी पाळी. तिनं मला उचललं, चौदा मेचं पान काढलं. हातातला चुडा वाजत होता. ‘बँड नको. सनई’ या ओळीखाली पेन्सिलीनं लिहिलं:

‘वार चुकीचा आहे हे मला तेव्हाच माहीत होतं. तुझ्याशिवाय कुणाला कळू नये.’

मग मला नाकाजवळ नेलं. खताचा वास असूनही. आणि पत्र्याच्या पेटीत, जुन्या साड्यांच्या खाली ठेवून ती गेली.

म्हणजे मी चुकले नव्हते. तिनं मला निवडलं होतं ते प्रेमानं की गरजेनं, हा प्रश्न मी पेटीत सतरा वर्षं उलटसुलट केला. गुपित मला दिलं आणि सोबत त्या लाल बाईला नेलं. तिकडं परतूरला लाल बाईत रोज काही लिहिलं जात असेल, या विचारानं मी झुरळांनी कुरतडलं त्याहून जास्त खंगले.

२००६ मध्ये पेटी उघडली. समोर बेबीनंदा, कानांवर पांढरे केस. शेजारी तिची भाची प्रतीक्षा, भावाची म्हणजे साहेबरावांची मुलगी, साखरपुडा झालेली, हातात मोबाईल.

“ही बघ माझी डायरी. रुखवताचं सगळं हिच्यात सापडंल.”

“आत्या, भुजंगमामांनी दिलेली लालवाली कुठंय?”

“ती? लेकरांनी संक्रांतीला पानं फाडून पतंग केले कवाच.”

मला आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या मनात आलं ते एवढंच: ती उडाली तरी!

बाहेर साहेबराव ओरडले, “प्रतीक्षा, डीजे तुझ्या सासरच्यांनी सांगितलाय बरं का, सोळा स्पीकरचा!” पोरगी दचकली. आत्यासारखीच, दोन पावलं मागं. मग म्हणाली, “तुम्ही म्हणाल तसं, पप्पा.”

बेबीनंदा तिच्याकडे बघत राहिली. नुसतं चौदा मेचं पान उघडून मला तिच्या मांडीवर ठेवलं आणि चहा टाकायला गेली.

प्रतीक्षानं वाचलं. एकदा, दोनदा. मग पेन्सिल शोधली.

आता मी तिच्या टेबलावर आहे, मोबाईलच्या शेजारी. पाठ उसवली आहे, हंसाचं अर्धं अंग झुरळांनी नेलं. तो मोबाईल सारखा उजळतो, गातो, आणि ती त्याच्याकडे बघून हसते, तेव्हा जुनी आग अजून पेटते, लपवत नाही. वारसुद्धा ती आता त्यालाच विचारते.

विचार, पोरी. तो खराच वार सांगेल. पण कधी चुकीचा वार हवा असला, तर मी आहे.