काडाचा दोर

आमच्या डिंगोऱ्याच्या बंधाऱ्यावर दर श्रावणात माझे सासरे, रखमाजीमामा, भाताच्या काडाचा जाड दोर सोडायचे. वामीची, त्या सापासारख्या लांब माशाची, करंगळीएवढी पिल्लं खालून पोहत येतात आणि सिमेंटच्या भिंतीपाशी अडकतात. ओला दोर मिळाला की त्याला बिलगून वर चढतात. वरच्या डोहात ती मोठी झाली की आम्ही गळानं धरायचो. पिल्लाला हात लावायचा नाही, हा मामांचा दंडक. त्या डोहावरच आमची चूल पेटायची.

माझा नवरा धम्मपाल मासे धरण्यात पटाईत, पण तोंडाला झाकण नाही. बेल्ह्याच्या बाजारात त्याला सावळेराम नावाचा व्यापारी भेटला. शेततळ्यांत सोडायला वामीची पिल्लं कुठं मिळतील, असं विचारत होता. झालं! आमच्या शहाण्यानं त्याला थेट बंधाऱ्यावर आणून बापाची करामत दाखवली. वर मीच त्या मेल्याला चहा करून पाजला.

त्याच उन्हाळ्यात मामांची नजर पुरती गेली. श्रावणात धम्मपालनं दोर सोडला, आणि सावळेरामच्या माणसांनी वरच्या टोकाला मच्छरदाणीची पिशवी बांधली. पिल्लं बिचारी जीव खाऊन चढत होती आणि पिशवीत पडत होती.

"अवं, दोर वढून काढा आदी!" मी ओरडले.

"काढून काय व्हणार? बंधाऱ्याचा ठेका त्येनं घेतलाय. त्यो दुसरा सोडंल," धम्मपाल खाली मान घालून म्हणाला.

तिसऱ्या वर्षी डोह रिकामा झाला. आता धम्मपाल सावळेरामकडेच कामाला आहे. पिशव्यांत पिल्लं आणि ऑक्सिजन भरतो. यंदा सावळेरामला आणखी पाच बंधाऱ्यांसाठी दोर हवेत, आणि असा दोर मामांशिवाय कुणाला वळता येत नाही.

मामा ओट्यावर बसून वळतात. चेहऱ्यावर इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता.

"पाच गावांना आक्कल आली बग, यशोधरा. पिल्लं चढत्यात न्हवं?"

खरं सांगितलं तर त्यांचे हात थांबतील, आणि हात थांबले तर धम्मपालचं काम जाईल. माझी मलाच शिसारी आली.

"चढत्यात, मामा."

"मग घट्टच वळतो. एक बी पिल्लू घसरून खाली ऱ्हायला नगं."

मी काड भिजवून त्यांच्या हातात देत राहिले.