कमी करण्याचं कारण

रत्नाच्या हृदयाला छिद्र आहे. पाच वर्षांची झाली, तरी जिना चढताना ओठ निळे पडतात. पुढच्या महिन्याच्या सोळा तारखेला जळगावात सरकारी आरोग्य योजनेतून ऑपरेशन ठरलंय. दवाखान्यात योजनेची कागदपत्रं बघणाऱ्या हेमलताताई म्हणाल्या, "एक तारखेपासून नियम बदलतोय. पोरीचं नाव आईवडिलांच्याच रेशनकार्डावर लागेल. आजोबांचं कार्ड चालणार नाही."

पहिलं बाळंतपण माझ्या माहेरी, सोनगीरला. पोर अशक्त म्हणून दीड वर्ष तिथंच राहिलो, आणि माझ्या वडिलांनी, आबांनी, कौतुकानं तिचं नाव आपल्या कार्डात घातलं. आता तिथून कमी झाल्याशिवाय आमच्या जळगावातल्या, पिंप्राळ्याच्या कार्डात चढत नाही, आणि कमी करायचा अर्ज आबांनीच द्यायचा.

"मी सही करस नही," आबा फोनवर म्हणाले.

"आबा, नुसता कागद आहे."

"तुनी माय गई, तवय तिनं नाव कापाले मीच गयथू. तोच कागद शे. आते पोर ऑपरेशनले जाई ऱ्हायनी, अन मी तिनं नाव कापू?"

चार दिवस हेच. कुकर लावताना, रत्नाला औषध पाजताना, फोन कानाला. पाचव्या दिवशी म्हणाले, दिधा अर्ज. मी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि दुसऱ्याच दिवशी अर्ज परत आल्याचं कळलं. पुढच्या सकाळी रत्नाला घेऊन धुळ्याची एसटी पकडली; सोनगीरचा तालुका तोच.

तहसील कचेरीत आबा आधीच उभे होते. पुरवठा शाखेतल्या रतिलालभाऊंनी कागद माझ्यापुढं सरकवला. नाव रत्ना, वय पाच. कमी करण्याचं कारण: विवाह.

"काय ताई, बालविवाहाची केस करू का आजोबांवर?"

मागची रांग हसली. मला हसू येईना. सारे फोन, सारी धावपळ या एका शब्दानं मातीत घातली होती.

"आबा, हे काय लिहिलंत?"

"तीनच कारणं छापेल शेतस. मरण, लगन, नही ते दुसरं गाव. दुसरं गाव कसाले लिखू? तिनं घर आठे, सोनगीरले बी शे." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुनं बी नाव लगनवरच कापं. तू सुखमा शे ना?"

मी तो कागद रतिलालभाऊंकडं परत सरकवला.

रतिलालभाऊंनी नवा अर्ज दिला. आबांनी सही केली, कारणाची जागा कोरी सोडली आणि पेन माझ्या हातात दिलं. "तू लिख. मी देखस नही." ते खिडकीकडं तोंड करून उभे राहिले. मी लिहिलं, स्थलांतर.

"संध्याकाळपर्यंत नाव कमी होईल," रतिलालभाऊ म्हणाले. "उद्या सकाळी जळगावात पहिला नंबर लावा. परवा एक तारीख."

म्हणजे आजची रात्र माझी लेक कुठल्याच कार्डावर नाही. जिन्यावरून आबांनी तिला कडेवर घेतलं, गुडघे दुखतात तरी. स्टँडवर खाली ठेवायला तयार नव्हते. कंडक्टर ओरडला तेव्हा दिली.

गाडी पारोळ्यालाही पोचली नव्हती, तोच फोन वाजला.

"चढनं का नाव?"

"आबा, अजून बसमध्येच आहे मी."

"बरं," म्हणाले. दहा मिनिटांनी पुन्हा वाजला.