मागून नेलेली फटफटी

मित्रांनो, आधी माझ्या टाकीवरून खाली उतरा. एक जण मुठी पिरगाळतोय, दुसरा आरशाच्या उरलेल्या दांडीला लोंबकळतोय, आणि तोंडानं ढुर्रर्र चाललंय. उतरलात? बरं. आता ऐका. मी एक जुनी मोटारसायकल आहे. सुरतेत, कोसाडच्या या कॉलनीत, पाण्याच्या टाकीमागे विटांवर उभी आहे. मला राग आलेला आहे, आणि तो का आला ते सांगितल्याशिवाय मी तुम्हांला सोडणार नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी काळीभोर होते. टाकीवर तोंड दिसावं अशी चमक होती. गणपतनं मला घरी आणलं आणि मंदानं माझ्या दिव्याला हळदकुंकू लावलं. दोघं खानदेशातून आलेले. गणपत पलसाण्याला हायवेवरच्या कापड रंगवायच्या मिलमध्ये कामाला. घर कोसाडला आणि मिल पलसाण्याला, म्हणजे शहराच्या या टोकाला उठायचं आणि त्या टोकाच्याही पलीकडे जाऊन हजेरी लावायची. सकाळी तापीचा पूल, मग अख्खी सुरत, मग कडोदऱ्याचा चार रस्ता, आणि पुढे कापडाच्या गाठींनी वाकलेल्या ट्रकांच्या मधून वाट काढत मिलचं फाटक. संध्याकाळी तेच उलटं. गणपतच्या बोटांना लागलेला रंग माझ्या मुठींवर उतरायचा. आज मुठी निळ्या, उद्या राणी रंगाच्या. मिलमध्ये कोणता माल चाललाय हे मला पाहून कॉलनीतल्या बायका ओळखायच्या.

कामाचं मला कधी दुःख नव्हतं. धूर खाल्ला, खड्डे खाल्ले, उन्हात तापले. गणपत रविवारी फडकं घेऊन बसायचा, साखळीला तेल द्यायचा. जो राबवून घेतो त्यानं पुसलं, तर राबणाऱ्याला आणखी काय हवं असतं?

दुःख होतं ते शेजाऱ्यांचं. शेजारी म्हणण्यापेक्षा वाटेकरी म्हणा. दसऱ्याला माझ्या गळ्यात झेंडूची माळ पडली, की सगळी कॉलनी जमायची. "काय गाडी आहे गणपतभाऊ! घोडी आहे घोडी!" ही झाली जमेची बाजू. आता खर्चाची बघा. त्याच संध्याकाळी एक जण भावाला सोडायला न्यायचा, दुसरा गॅसची टाकी बांधून आणायचा. आणि परत आणल्यावर वाक्य एकच, "गाडी मस्त चालते हां!" अरे, चालते ती तुझ्यामुळे का? माणसं कौतुक भरभरून करतात, कारण त्याला पेट्रोल लागत नाही.

या सगळ्यांत वरचा नंबर विजयभाऊंचा. समोरच्या घरातले, बँकेत नोकरीला, शर्टाच्या खिशात दोन पेनं. अक्षर मोत्यासारखं. कॉलनीत कुणाचं रेशनकार्ड, कुणाचा जामीन, कुणाचा अर्ज, सगळं विजयभाऊ करून द्यायचे. गणपतला हे घर मिळालं तेही त्यांनीच मध्ये पडून. माणूस वाईट नव्हता. वाईट माणसावर रागावणं सोपं असतं, म्हणून मला यांचा जास्त राग येतो. उपकार करायचे आणि मग माझ्या चावीसाठी हात असा पुढे करायचे, जणू ती त्यांच्याच खुंटीवरची.

आता मंदाबद्दल. मंदानं लग्नाआधी शिक्षिकेचा कोर्स केला होता. सुरतेत आल्यावर ती मराठी शाळांत जागा निघायची वाट पाहत राहिली. एका शाळेत जागा निघाली, तेव्हा तिचं वय अटीच्या अगदी काठावर होतं. या खेपेला नाही, तर पुढे कोणी अर्जही घेणार नव्हतं. अर्ज कोणी लिहिला? विजयभाऊंनी. छान लिहिला. मुलाखतीचं बोलावणं आलं. गणपतनं मिलमधून खाडा मागून घेतला आणि म्हणाला, मी स्वतः गाडीवरून सोडतो.

आदल्या संध्याकाळी विजयभाऊ दारात उभे. "गणपतभाऊ, चावी आपो ने! सासरे येतायत. स्टेशनवरून आणतो, हा गेलो नि हा आलो."

मंदा आतूनच म्हणाली, "उद्या मनी मुलाखत शे. आज गाडी कोनले देऊ नका."

गणपत आत जाऊन हळू आवाजात म्हणाला, "अवं, टेसनवरच तर जाई ऱ्हायना तो. त्यानीच तुना फारम भरा ना?"

आणि माझी चावी गेली.

मित्रांनो, माझ्या पोटातली एक गोष्ट सांगते. माझ्या वेळच्या गाड्यांना पेट्रोल दाखवणारा काटा नसायचा. टाकीखाली एक कॉक असतो. पेट्रोल संपत आलं की मी आचके देते. मग तो कॉक फिरवायचा, की तळाशी राखून ठेवलेलं थोडं पेट्रोल खाली येतं. याला गाडी रिझर्व्हला लागली असं म्हणतात. तेवढ्यात पंप गाठायचा, टाकी भरायची आणि कॉक पुन्हा जागेवर आणायचा. मी आचके देते ते आजारी म्हणून नव्हे. ती माझी सूचना असते, आणि ती मला एकदाच देता येते. ज्यानं ऐकली त्यानं पुढच्याला सांगायची असते.

विजयभाऊंनी सासऱ्यांना स्टेशनवरून घेतलं. सासरे म्हणाले, डुमसच्या भज्यांचं फार ऐकलंय. झालं! त्यांची पिशवी माझ्या हँडलला अडकवून स्वारी निघाली थेट समुद्राकडे. टमाट्याची भजी झाली, चहा झाला, सासरे खूश. परतताना वाटेत मी आचके दिले. विजयभाऊंनी सराईतपणे खाली हात घातला, कॉक फिरवला आणि सासऱ्यांना म्हणाले, "काही नाही, रिझर्व्हला लागली." राखीव होतं त्यातलं बहुतेक त्यांनी कोसाड गाठण्यात जाळलं. वाटेत पंप लागला होता. लावलेले दिवे दिसत होते. पण सासऱ्यांना झोप येत होती. घरी आल्यावर चावी खिडकीतून आत आली. "गाडी मस्त चालते हां!"

सकाळी मंदा तपकिरी काठाची साडी नेसून मागे बसली. कागदांची पिशवी छातीशी धरलेली. गणपतचा आपला जुना हिशेब, की माझी टाकी आठवडाअखेरपर्यंत पुरते. पुलाच्या मधोमध मी थांबले. आचका नाही, काही नाही. माझ्याजवळ द्यायला सूचनाच उरली नव्हती.

गणपतनं सवयीनं कॉककडे हात नेला. कॉक आधीच फिरलेला. त्याचं बोट तिथंच राहिलं.

"आते?" मंदानं विचारलं.

त्यानं मला आडवी केली, उभी केली, टाकीत फुंकर घातली. मी कुठूनतरी थेंब गोळा केले आणि दहा पावलं गेले. पुन्हा बंद. रिक्षा पाळी बदलणाऱ्या कामगारांनी ओसंडून वाहत होत्या. हात दाखवून दाखवून मंदाचा हात दुखला. शेवटी एकीत ती कशीबशी टेकली. आणि गणपतनं मला लाथ मारली. किक नव्हे हो, लाथ. इथं, या बाजूला, पोचा अजून आहे बघा. ज्याला मारायची त्याला भाऊ म्हणायचं, आणि लाथ मला!

मंदा पोचली तेव्हा शिपाई खुर्च्या उचलत होता.

संध्याकाळी विजयभाऊ पुन्हा दारात. मागे सासरे पिशवी घेऊन उभे, त्यांना परतीची रेल्वेगाडी गाठायची होती. "काय वहिनी, कशी झाली मुलाखत? पेढे कधी?"

मंदानं विचारलं, "काल गाडी रिझर्व्हला लागली होती का?"

"हो ना, डुमसहून येताना. पण मी कॉक फिरवला, आली की पार घरापर्यंत!"

"मग सांगितलं का नाही?"

"गाडी चालू होती, वहिनी. त्यात सांगायचं काय?"

मंदाचा आवाज चढला नाही. "अर्ज लिहिताना तुम्ही मला तीनदा विचारलंत, जन्मतारीख बरोबर ना, पत्ता बरोबर ना. तेवढी काळजी घेतलीत. मग गाडी परत करताना एकदा तोंड का उघडलं नाही? तुम्हीच लिहिलेल्या अर्जाचं तुम्ही काय केलंत, भाऊ?"

विजयभाऊंचा चेहरा पडला. खरंच पडला. सासरे पिशवीचा बंद चाचपू लागले. आणि अशा वेळी आमच्या गणपतनं काय करावं? सवयीनं खिशात हात घालून चावी काढली. "सासऱ्यांची गाडी चुकेल..." मला तर वाटलं, आहे त्या जागी कोसळावं!

मंदानं ती चावी मधल्यामध्ये घेतली आणि पदराच्या टोकाला बांधली. "एक गाडी चुकली. ती आमची होती. रिक्षा नाक्यावर मिळते."

त्यानंतर मी कुणाच्या घरी गेले नाही. कॉलनीत मंदा तुसडी ठरली. दसऱ्याच्या माळेला गर्दी कमी झाली, कौतुकही आटलं. चालेल! विजयभाऊंनी पुढे चार-सहा शाळांत स्वतः खेटे घातले, पण वयाची अट कुणाच्या मोत्यासारख्या अक्षरानं मागे सरत नाही. गणपतला काही वर्षांनी पांडेसऱ्यात काम मिळालं, तिथं मिलची बस येते. माझी साखळी गंजली. रविवारचं फडकंही थांबलं, आणि मी या विटांवर आले.

मंदा मात्र थांबली नाही. ती कोण, हे तुम्हांला मी सांगायला नको. तुम्ही रोज संध्याकाळी जिच्या ओट्यावर पाढे म्हणायला बसता, त्याच तुमच्या बाई. शाळेचं पाटीफळ्याचं जग तिला मिळालं नाही, म्हणून तिनं ते ओट्यावर मांडलं. छान मांडलं. तरी तिकडे शाळेची घंटा झाली, की तिची मान अजून वळते. मी इथून बघते. माझा राग शिळा होत नाही तो यामुळे.

तर मित्रांनो, वस्तू मागून न्या, न्यायला ना नाही. पण परत देताना नुसती वस्तू देऊ नका. तुमच्या हातात असताना तिचं काय संपलं, काय मोडलं, तेही बरोबर द्या. पुढचा माणूस तिच्यावर विसंबून निघणार असतो.

काल तुमच्यातल्याच एका मुलीनं शेजारणीची पेन्सिल परत केली. ठेवून उठली, थबकली, आणि म्हणाली, "टोक मोडलंय हं. मी करून देते." ओट्यावर बाई वही तपासत होत्या. त्यांचा हात थांबला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

माझा राग तेवढ्यापुरता उतरला. तेवढ्यापुरताच. चढा आता टाकीवर. पण आरशाची दुसरी दांडी कुणी मोडली, ते आधी सांगा.